वरच्या मजल्यावरची सात मुलं

नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हा सिस्टर मास्तरांच्या पायाची नखं कापत होती. मास्तर म्हणजे केंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्यांमधले सगळ्यात चिकित्सक गृहस्थ. आयुष्यभर भूमिती शिकवलेली, त्यामुळे नख गोल कापावं की सरळ यावरसुद्धा त्यांचं मत असायचं. सिस्टरने हात पुसून पाकीट फोडलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि नेलकटर बाजूला ठेवला.

"काय, माझी फाशी कायम झाली का?" मास्तरांनी विचारलं.

"तुमची नाही," ती म्हणाली. "पाय वर घ्या, पाणी गार झालंय."

ती कोणे एके काळी मोठ्या इस्पितळात नर्स होती. तिथली नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती, पण सिस्टर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पूर्वी जिथे लोक रांगा लावून कर भरायचे त्या पालिकेच्या जुन्या इमारतीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत, ती म्हाताऱ्यांचं दिवसभराचं केंद्र चालवत होती. सकाळी नऊला माणसं सोडली जायची, संध्याकाळी पाचला नेली जायची. मधल्या वेळात औषधं, आंघोळी, नखं, वर्तमानपत्रातली कोडी आणि भांडणं. भिंतीत अजून पैसे सरकवायच्या खिडक्या तशाच होत्या. त्यातल्या एकीत आता औषधांच्या डब्या आणि दुसरीत म्हाताऱ्यांचे चष्मे असत.

वरच्या एकुलत्या एका मोठ्या खोलीत बाईचा वर्ग होता. ऐकू न येणाऱ्या मुलांना ती हातांनी बोलायला शिकवायची, आणि ज्यांच्या गळ्यातून आवाज निघेल त्यांना तोंडानेही. दोघींनी एकाच वर्षी काम सुरू केलेलं. पहिल्या वर्षी अहो-जाहो चाललं. मग जिन्याच्या वळणावर दोघींत मिळून एक किटली ठेवली गेली आणि अहो-जाहो आपोआप गळून पडलं. "माझ्या पोरांना ऐकू येत नाही आणि तुझ्या म्हाताऱ्यांना ऐकायचं नसतं," बाई म्हणायची, "तुझं काम अवघड."

त्या दुपारी किटलीपाशी दोघींनी आपापली पत्रं शेजारी शेजारी धरली. मजकूर सारखाच होता. पुढच्या वर्षापासून या इमारतीतल्या एकाच उपक्रमाला अनुदान देणं शक्य होईल. दोन्ही संचालिकांनी पुढच्या बुधवारी समितीसमोर येऊन आपलं म्हणणं मांडावं.

"कोंबड्या झुंजवायच्या आहेत त्यांना," बाई म्हणाली.

"झुंजायचं नाही आपण."

"नाहीच. अर्धं-अर्धं मागू. तू माझ्याबद्दल बोलायचं नाहीस, मी तुझ्याबद्दल नाही. विचारलंच तर सांगायचं, ते त्यांनाच विचारा."

"ठरलं," सिस्टर म्हणाली आणि बाईच्या कपात थोडा जास्त चहा ओतला.

ठरवताना तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. बाईचे तिच्यावर उपकार होते, आणि ते मोजण्यापलीकडचे होते. सिस्टरचा नवरा छापखान्यात यंत्रावर होता. चार वर्षांपूर्वी एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो कोसळला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. इस्पितळातून घरी आणल्यावर पहिले तीन महिने सिस्टर त्याला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून कामावर यायची, कारण नियमाप्रमाणे संचालिकेच्या घरच्या माणसाला केंद्रात घेता येत नव्हतं. एक दिवस ती परतली तेव्हा तो पलंग आणि भिंतीच्या फटीत पडलेला होता. सकाळी दहाच्या सुमाराला पडला असावा. हाक मारायला आवाज नव्हता. भिंतीवर डाव्या हाताच्या बोटांनी खरवडून त्याने रंगाचे पोपडे काढले होते, आणि ते त्याच्या केसांत पडले होते.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः पालिकेत जाऊन बसली आणि नियमाला अपवाद करून घेतल्याशिवाय उठली नाही. तेव्हापासून तो केंद्रात मागच्या खिडकीपाशी बसायचा. तेवढ्यावर बाई थांबली नाही. दर गुरुवारी तीन वाजता मुलं सुटली की ती खाली यायची, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायची आणि त्याला खुणा शिकवायची, एका हाताने करता येतील अशा. पाणी. दुखतंय. उजेड. बस. पुढे पुढे तर तो वाह्यातपणाही करायला लागला. मास्तर बोलायला लागले की तो बाईकडे बघून दरवाजा लावायची खूण करायचा, आणि बाई तोंडाला पदर लावून हसायची.

आता वर्गाच्या पटावर चौदा मुलं होती, पण वर्षाच्या सुरुवातीपासून येत होती सात. याचं कारण इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. टेकडीपलीकडच्या वस्तीतून मुलांना आणणारी छोटी बस पालिकेनेच बंद केली होती. इंधन वाचवायचं म्हणून. तिथून दोन बस बदलून यावं लागे, आणि आठ-नऊ वर्षांच्या ऐकू न येणाऱ्या मुलाला रस्त्यावर एकटं कोण सोडणार? म्हणून बाई दर शनिवारी स्वतः तिकडे जायची. एकेका घरी तास-तास बसून शिकवायची, संध्याकाळी पाय सुजवून परत यायची, आणि सोमवारी सिस्टर तिला गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून बसवायची. त्या न येणाऱ्या सात मुलांची हजेरी ती पेन्सिलीने लावायची. "खोटी नाही, पण खरी म्हणायलाही जीभ रेटत नाही," असं तिनेच एकदा सांगितलं होतं.

बुधवारी समितीच्या दालनाबाहेरच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. त्यांच्याआधी पोहण्याच्या तलावाचे लोक आत होते, त्याच्याआधी फिरतं ग्रंथालय. शिपाई प्रत्येकाला पाच मिनिटं सांगायचा आणि दार लोटून घ्यायचा. बाईला आधी बोलावलं. ती सात-आठ मिनिटांनी बाहेर आली, चेहऱ्यावरून काही कळेना.

"कशी आहेत माणसं?"

"साधी आहेत. दमलेली आहेत. घाबरू नकोस."

सिस्टर आत गेली. लांबलचक टेबलाच्या पलीकडे पाच जण होते. मधोमध अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी खजिनदार. खजिनदारांना खोकला झाला होता आणि ते एकामागून एक गोळ्या चघळत होते. बाकीच्यांपैकी एक तरुण सदस्य लिहून घेत होता. दुष्ट कोणीच दिसत नव्हतं. अध्यक्षबाईंनी तिला पाणी विचारलं, बसायला सांगितलं.

तिने पाठ करून आणलेलं सगळं म्हटलं. किती माणसं येतात, कोणाच्या घरी कोण नाही, केंद्र नसतं तर कोण इस्पितळात असतं. अर्धं-अर्धं द्या, हेही म्हणाली.

"अर्ध्याने दोन्ही जगतील का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "मनापासून सांगा."

सिस्टरने पाण्याचा पेला उचलून एक घोट घेतला. अर्ध्यात मदतनीस ठेवता येणार नव्हता, आणि एकटीने बावीस जणांना उचलणं-बसवणं तिला झेपणार नव्हतं. हे तिने बाईलाही सांगितलं नव्हतं.

"तुमच्याकडे रोज बावीस येतात. प्रत्यक्ष?"

"प्रत्यक्ष. एखादा आजारी असला तर एकवीस."

"आणि वर?"

ठरलेलं उत्तर तीन शब्दांचं होतं. ते तिच्या तोंडाशी आलंही होतं. पण त्याच क्षणी तिला भिंतीवरचे ते ओरखडे दिसले. घरी पलंग सरकवून ती जागा तिने झाकली होती, तरी झाडताना रोज दिसायची. केंद्र गेलं तर दुसरीकडे नोकरी धरावी लागणार, म्हणजे सकाळी आठला कुलूप लावायचं ते संध्याकाळी सहालाच उघडायचं.

"सात," ती म्हणाली.

"पटावर चौदा आहेत."

"येतात सात."

खजिनदारांनी गोळी गालात सरकवली आणि काहीतरी लिहिलं. "बस, एवढंच हवं होतं," ते म्हणाले.

बसचं सांगायला हवं होतं. शनिवारचं सांगायला हवं होतं. नंतर तिने स्वतःची कितीही समजूत घातली, की वेळ संपली होती, की त्यांनी पान उलटलं होतं, तरी तिला पक्कं माहीत होतं की भिंतीवरच्या घड्याळात तिचं अजून एक मिनिट शिल्लक होतं. अध्यक्षबाई तिच्याकडे बघत थांबल्याही होत्या. "आणखी काही?" त्यांनी विचारलं. सिस्टरने पर्स उचलली आणि नाही म्हटलं.

बाहेर बाई उभीच होती. "काय विचारलं?"

"तेच. नेहमीचं."

पुढच्या आठवड्यात सभागृहात सगळ्या नगरसेवकांसमोर विषय आला. दोघी वरच्या सज्जात प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. बाईने पिशवीतून लिमलेटच्या गोळ्या काढून एक सिस्टरला दिली. खाली रस्त्यावरच्या दिव्यांवर पाऊण तास भांडण झालं, मग तलावाच्या गळतीवर. त्यांचा विषय आला तोवर निम्मे सदस्य चुळबुळ करायला लागले होते.

तरी बोलणारे बोलले. तरुण सदस्य म्हणाला, मुलांचं सगळं आयुष्य पुढे आहे, आत्ता भाषा मिळाली नाही तर जन्मभर मिळणार नाही. मागच्या रांगेतल्या एका नगरसेविकेने विचारलं, मग म्हाताऱ्यांनी काय करायचं, लवकर मरायचं? कोणीतरी म्हणालं, अर्धं-अर्धं द्या.

"दोघांना अर्धं दिलं तर दोघंही अर्धमेले होतील," खजिनदार म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता. "मला कोणाचंच बंद करायची हौस नाही. पण खाली बावीस माणसं रोज येतात आणि वर सात मुलं. पट चौदाचा असला तरी प्रत्यक्षात सात. याला तळमजल्याच्या केंद्राच्या संचालिकांनीच दुजोरा दिलेला आहे. त्या तिथे रोज असतात, त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?"

सिस्टर समोरच्या कठड्याकडे बघत राहिली. शेजारी बाईचं हलणं थांबलं होतं. गोळी चघळण्याचा बारीक आवाज येत होता, तोही थांबला.

हात वर झाले. नऊ विरुद्ध पाच. वरच्या वर्गातल्या मुलांना इच्छा असल्यास दुसऱ्या शहरातल्या निवासी शाळेत प्रवेश मिळवून देण्यात येईल, असं एक वाक्य ठरावात घातलं गेलं आणि पुढचा विषय निघाला.

बाईने पिशवीची चेन लावली. "खाली गर्दी व्हायच्या आत निघते," ती म्हणाली आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत गेली.

महिनाअखेरीला बाईने खोली रिकामी केली. सिस्टर दोन दिवस जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन परत येत होती. तिसऱ्या दिवशी वर गेली. बाई जमिनीवर बसून चित्रांची कार्डं खोक्यात भरत होती. सिस्टर समोर बसली आणि खोक्याची झाकणं दाबून धरली, म्हणजे बाईला चिकटपट्टी लावता येईल. बाईने धरू दिलं.

"माझ्यावर ओरड तरी," सिस्टर म्हणाली.

"कशाबद्दल? सात खरंच होती. तुम्ही खोटं बोलला नाहीत."

तुम्ही. सिस्टरला वाटलं, कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

"मला ते बसचं सांगायचं होतं."

"हं."

"ह्यांचा विचार आला ग मनात. दुसरं काही सुचलंच नाही."

"माहीत आहे मला," बाई म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, तेही मला माहीत नाही. पण आत्ता ते खोकं सोडा, मला बाजूने पट्टी लावायची आहे."

एवढंच बोलणं झालं. दुपारी एक टेम्पो आला. पाट्या, कार्डं, आरसे असं सगळं त्यात भरलं गेलं. किटली बाईने जिन्यावरच ठेवली. सिस्टरने ती तिच्या हातात द्यायला बघितलं तर म्हणाली, "राहू दे, तुमच्याकडे माणसं जास्त आहेत." टोमणा होता की साधंच बोलणं, हे सिस्टरला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही.

सात मुलांपैकी दोघं निवासी शाळेत गेली. एकीची आई जाताना केंद्रात डोकावली. मुलगी आठ वर्षांची होती. घरापासून सहा तासांवर तिला ठेवून यायचं होतं, आणि आई का सोडून जाते आहे हे तिला समजावून सांगायला आईकडे पुरेशा खुणा नव्हत्या. "बाईंनी समजावलं असतं," ती म्हणाली. सिस्टरला तिने काही दोष दिला नाही. बहुधा तिला काही माहीतच नव्हतं. बाकीची पाच घरी बसली, आणि टेकडीपलीकडच्या सातांचं तर कोणी विचारलंही नाही.

सिस्टरने मग एक गोष्ट केली. ती पालिकेच्या नोंदणी विभागात गेली आणि समितीच्या त्या बुधवारच्या बैठकीचं इतिवृत्त मागितलं. तिथल्या कारकुनाने कपाटातून फाईल काढून समोर ठेवली. तिला स्वतःचं उत्तर बघायचं होतं, पण त्याच्या आधीच्या पानावर बाईचं होतं. प्रश्न: खालच्या केंद्राला मदतनीसाची खरोखर गरज आहे का? उत्तर: ते त्यांनाच विचारा. प्रश्न: संचालिकेचे पती नियमाबाहेर तिथे दाखल आहेत हे खरं का? उत्तर: ते त्यांनाच विचारा. पुढच्या पानावर एका ओळीत तिचा आकडा होता.

तिने ते पान दोनदा वाचलं. मग कारकुनाकडे कागद मागितला आणि तिथेच उभ्याने लिहिलं: छोटी बस पालिकेने बंद केल्यामुळे सात मुलांना वर्गात येणं अशक्य झालं, बाई दर शनिवारी घरी जाऊन त्यांना शिकवत होत्या, मला हे ठाऊक असून मी समितीला सांगितलं नाही.

कारकुनाने वाचलं. तो तिच्याच वयाचा होता. "शेवटचं वाक्य काढून टाका," तो हळूच म्हणाला. "उगाच तुमच्यावर येईल."

"राहू दे."

"याने काही होणार नाही, सिस्टर. इतिवृत्त मंजूर झालंय. फार तर नोंद घेतील."

नोंद घेतली गेली. तीन आठवड्यांनी तसं एका ओळीचं पत्र आलं, अध्यक्षबाईंच्या सहीचं. सहीखाली त्यांनी हाताने लिहिलं होतं, हे त्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नवऱ्याला तिने लगेच काही सांगितलं नाही. बाई गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी तीन वाजता त्याने दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती म्हणाली, बाईची तब्येत बरी नाही. दुसऱ्या गुरुवारीही तेच म्हणाली. तिसऱ्या गुरुवारी तिने स्टूल ओढलं, त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं, भिंतीच्या ओरखड्यांपासून कारकुनापर्यंत. "तुमच्यासाठी केलं," असं एकदा तिच्या तोंडून निघालं. त्याने डावा हात उचलला आणि 'बस'ची, पुरे झालं अशी खूण केली. ती थांबली. रागाने केली की दयेने, ते त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. त्यानंतर पाणी हवं असलं तर तो पेल्याकडे बोट दाखवायचा. सराव राहिला नाही की हातही विसरतो, असं मास्तर म्हणाले. सिस्टरने त्यावर मान डोलावली.

तो त्यानंतर दीड वर्ष जगला. केंद्रातच गेला, दुपारी, खुर्चीत, सिस्टर दोन हातांच्या अंतरावर कोणाचं तरी औषध मोजत असताना. एकटा गेला नाही. तिला हवं होतं ते तेवढं तिला मिळालं.

बाई तिला त्यानंतर एकदाच भेटली, औषधांच्या ठोक दुकानात. बाई तिथेच कामाला होती. निळा कोट घालून मागच्या बाजूला खोकी भरत होती. केस बरेच पिकले होते. सिस्टर केंद्राचं सामान न्यायला आली होती. दोघींच्या मध्ये काउंटर होता.

"कसे आहेत ते?" बाईने विचारलं.

"गेले. पाच महिने झाले."

बाईचे हात खोक्यावर थांबले. 

"मला कळवायचं होतंत," ती म्हणाली. "मी आले असते."

"कुठल्या तोंडाने कळवणार?"

"मी त्यांच्यासाठी आले असते."

सिस्टरने मान हलवली. बाईने यादी हातात घेतली, एकेक औषध खोक्यात ठेवत वरून खाली खूण करत गेली. शेवटी खोकं काउंटरवरून पुढे सरकवलं.

"जड आहे," ती म्हणाली. "खालून धरा."

सिस्टरने खालून धरलं आणि निघाली. रस्त्यात दोनदा खोकं खाली ठेवून तिला थांबावं लागलं.